गिरगावच्या मिशनच्या दोन वह्या

जानेवारी २०२३ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडची मालमत्ता सांभाळणाऱ्या आयुक्तांनी आपल्याच तिजोरीची झडती घेऊन तिचा अहवाल जाहीर केला. गरीब पाळकांना मदत व्हावी म्हणून १७०४ मध्ये राणी ॲनच्या नावाने एक निधी सुरू झाला होता. त्या निधीतली मोठी रक्कम अठराव्या शतकात साउथ सी कंपनीत गुंतवलेली होती, आणि ही कंपनी आफ्रिकेतली माणसे जहाजात भरून स्पॅनिश अमेरिकेत विकत होती. आयुक्तांनी परिमार्जनासाठी दहा कोटी पौंड बाजूला काढण्याचे ठरवले. त्याच वर्षी जुन्या एस.पी.जी. मिशनच्या आजच्या वारस संस्थेने बार्बाडोस बेटावरच्या कॉड्रिंग्टन मळ्यांसाठी सत्तर लाख पौंडांचा संकल्प सोडला. हे मळे एस.पी.जी.ला १७१० मध्ये मृत्युपत्राने मिळाले होते, राबणाऱ्या गुलामांसकट. त्यांच्या छातीवर ‘सोसायटी’ हा शब्द तापल्या लोखंडाने उमटवला जाई. १८३४ मध्ये ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी उठली तेव्हा ८,८२३ पौंडांची नुकसानभरपाई मिळाली. ती मिळाली संस्थेला. राबणाऱ्यांना काही मिळाले नाही.

आपल्याकडे या बातम्या परदेशातल्या म्हणून वाचून बाजूला पडल्या. पण एस.पी.जी. हे नाव मुंबई-अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना परके नाही. नोव्हेंबर १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन, स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनांच्या परंपरेतल्या बहुतेक मराठी मंडळ्या एका छपराखाली आल्या. एकत्र आलेल्या घराकडे सगळ्या वडिलांची मिळकत येते, तशी त्यांची देणीही येतात. म्हणून मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. गिरगाव, भायखळा, परळ इथल्या मराठी मंडळ्यांचा गुलामगिरीच्या या हिशेबाशी काही संबंध पोहोचतो का?

पोहोचतो, असे माझे उत्तर आहे. पण तो बार्बाडोससारखा सरळ नाही. गिरगावच्या स्कॉटिश मिशनपुरते बोलायचे, तर त्या घरात दोन वह्या होत्या असे म्हणता येईल. एक देणग्यांची, दुसरी बाप्तिस्म्यांची. पहिल्या वहीचा धागा अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांपर्यंत जातो. दुसरीत आफ्रिकेतून सुटून आलेल्या गुलाम मुलांची नावे आहेत. दोन्ही एकाच टेबलावर उघडल्याशिवाय या मिशनचा इतिहास पुरा होत नाही.

अंब्रोली

जॉन विल्सन फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईत उतरले. चोवीस वर्षांचा हा स्कॉटिश मिशनरी पुढे सेहेचाळीस वर्षे, १ डिसेंबर १८७५ रोजी मरेपर्यंत, याच शहराचा राहिला. मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी, अरबी या भाषांत त्यांची गती होती. शिलालेखांपासून पारशी धर्मग्रंथांपर्यंत सगळ्यांत त्यांनी हात घातला आणि मुंबई विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी आल्या आल्या मुलींच्या शाळा काढल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा ही त्याच कामाची फळी. १८३२ मध्ये सुरू झालेल्या मुलांच्या इंग्रजी शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. गिरगावातले अंब्रोली हे या मिशनचे ठाणे. आजही अंब्रोली चर्च म्हटले की जुन्या गिरगावकराला जागा सांगावी लागत नाही.

या मिशनची आठवण आपल्याकडे दोन गोष्टींनी जागी आहे. एक शिक्षण आणि दुसरी १८३९ ची धर्मांतरे. त्या वर्षी धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि मुंबई हादरली. प्रकरण कोर्टात गेले, शाळेतली मुले पालकांनी काढून नेली. हा इतिहास आपल्याकडे अनेकांनी लिहिला आहे. मला सांगायची आहे ती गोष्ट चार वर्षांनी सुरू होते.

तीन हजार पौंड

१८४३ च्या वसंतात सहा आठवड्यांच्या आत दोन घटना घडल्या. ७ एप्रिल रोजी हिंदुस्थान सरकारने पाचवा कायदा केला. त्याआधी, १८३३ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली होती, पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळला होता. १८४३ च्या कायद्याने एवढेच केले, की अमुक माणूस माझा गुलाम आहे हा दावा यापुढे कोणतेही कोर्ट ऐकणार नाही. गुलाम बाळगणे हा गुन्हा ठरायला दंडसंहितेची, म्हणजे १८६२ सालाची, वाट पाहावी लागली. पेशवाईतल्या कुणबिणी आणि बटकींची चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा कायदा कोणासाठी होता हे वेगळे सांगायला नको.

दुसरी घटना १८ मे ची, एडिंबरोतली. पाळक नेमण्याचा हक्क मंडळीचा की जमीनदाराचा, या वादावरून स्कॉटलंडचे चर्च दुभंगले. साडेचारशेहून अधिक पाळक पगार, घर आणि चर्चची इमारत सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. हिंदुस्थानातले सगळे स्कॉटिश मिशनरी त्यांच्यामागे गेले. मुंबईत रॉबर्ट नेस्बिट आणि मरे मिचेल यांनी फ्री चर्चची बाजू घेतली. विल्सन जानेवारीतच धनजीभाईंना घेऊन पॅलेस्टाइनच्या वाटेने मायदेशी निघाले होते, तेही नव्या चर्चला मिळाले. तत्त्वाची किंमत मुंबईतही मोजावी लागली. बांधून होत आलेली शाळेची इमारत जुन्या चर्चकडे गेली आणि मिशनला पुन्हा शून्यातून उभे राहावे लागले.

हा त्याग खोटा नव्हता. पण घरदार सोडून आलेल्या चर्चला पैसा हवा होता, आणि तो मागायला १८४४ च्या सुरुवातीला फ्री चर्चचे एक शिष्टमंडळ अमेरिकेला गेले. विल्यम कनिंगहॅम हे त्यातले वजनदार नाव. शिष्टमंडळ उत्तरेत फिरले, तसेच दक्षिणेतही गेले. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात, जिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत गुलामांचे मालक पुढच्या बाकांवर बसत, तिथेही त्यांचे स्वागत झाले. गुलामगिरी असलेल्या राज्यांतून जमलेली रक्कम सुमारे तीन हजार पौंड भरली.

ही बातमी स्कॉटलंडात पोहोचताच वादळ उठले. जानेवारी १८४६ मध्ये फ्रेडरिक डग्लस तिथे आला. मेरीलँडमधून पळून आलेला हा तरुण कायद्याच्या दृष्टीने अजून गुलामच होता. वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश मित्रांनी पैसे भरून त्याची सुटका केली. गावोगावच्या सभांत तो एकच मागणी करी. तो पैसा परत पाठवा. ही घोषणा भिंतींवर रंगवली गेली, रस्त्यावरच्या गाण्यांत आली. त्या वर्षी मे महिन्यात फ्री चर्चची महासभा भरली, तेव्हा डग्लस आपल्या सहकाऱ्यांसह तिथे ऐकायला जाऊन बसला होता.

त्या सहकाऱ्यांतले एक नाव मराठी वाचकाने थांबून वाचावे असे आहे. जॉर्ज थॉम्प्सन. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत केले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन राहिले. तिथे इंडिया हाऊसच्या सभांत साताऱ्यासाठी तासन् तास भांडणारा इंग्रज वक्ता तो हाच थॉम्प्सन. दुसऱ्याचे राज्य आणि दुसऱ्याचे शरीर बळकावणे ही त्याला एकाच अन्यायाची दोन रूपे वाटत असावीत. साताऱ्याच्या इतिहासात आपण त्याला ओळखतो. गिरगावच्या मिशनच्या इतिहासातही त्याला जागा द्यायला हवी.

फ्री चर्चच्या पुढाऱ्यांनी उत्तर दिले, ते विद्वानांना शोभेल असे. थॉमस चामर्स यांच्यासारख्यांचे म्हणणे होते, की गुलामगिरी ही व्यवस्था वाईटच. पण त्या व्यवस्थेत जन्मलेला प्रत्येक मालक वैयक्तिक पापी ठरत नाही, म्हणून त्याच्याशी ख्रिस्ती बंधुत्व तोडता येत नाही, आणि ज्याला बंधू मानले त्याची देणगी नाकारता येत नाही. पैसा परत गेला नाही.

हे सगळे चालू असताना विल्सन आणि धनजीभाई स्कॉटलंडातच होते. ते १८४७ मध्ये मुंबईला परतले. मुंबईची मिशन ज्या चर्चची होती, त्याच्या दारातला हा वाद होता. चार्ल्सटनचे नेमके कोणते नाणे गिरगावात खर्च झाले असे विचारणे व्यर्थ आहे, कारण नाणी एकदा मिसळली की ओळखू येत नाहीत. प्रश्न त्या निर्णयाचा आहे. एका चर्चने जाणूनबुजून, टोकाचा विरोध ऐकून घेऊन, गुलामांच्या घामाचा पैसा ठेवून घेतला आणि त्याच चर्चच्या आधारावर इथली शाळा, छापखाना आणि उपासनामंदिर चालले. जमीनदाराने पाळक लादू नये म्हणून ज्यांनी घरे सोडली, त्यांना दुसऱ्याचे आयुष्य मालकाने लादलेले असणे तेवढे असह्य वाटले नाही.

अमेरिकन मिशनची अडचणही याच जातीची होती. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल मुंबईत आले तेव्हापासून भायखळा आणि अहमदनगर इथे काम करणारी ही मिशन बोस्टनच्या ज्या बोर्डाकडून चाले, त्याच्याच चेरोकी आणि चॉक्टॉ लोकांमधल्या मंडळ्यांत गुलामांचे मालक सभासद होते. त्यांना मंडळीत ठेवावे की नाही यावर बोर्ड वर्षानुवर्षे घोटाळत राहिले. वैतागलेल्या विरोधकांनी १८४६ मध्ये वेगळी मिशनरी संस्था काढली. चॉक्टॉ मिशनशी संबंध तुटले ते १८५९ मध्ये.

बंदरावरची मुले

आता दुसरी वही. गुलामांचा व्यापार मुंबईपासून दूर, अटलांटिक महासागरात चालत होता असे समजण्याचे कारण नाही. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे घेऊन निघालेली अरबी गलबते मस्कत, इराणी आखात आणि काठेवाडकडे येत. झांजिबारच्या जकातीचा मक्ता अनेक वर्षे जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता, आणि हस्तिदंत-लवंगांच्या त्या व्यापारात मुंबईचे भांडवल खेळत होते. ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या गलबतांवरची मुले-माणसे कित्येकदा मुंबईलाच उतरवली जात. पोलीस अधिकारी त्यांची वाटणी करत. काही धनिकांच्या घरी कामाला, काही आगबोटींवर आणि गोदीत, काही मुले मिशनऱ्यांकडे. सुटका झाली म्हणजे मुलगा मोकळा झाला असे नव्हे. एका मालकाच्या हातून निसटून तो एका पालकाच्या हाती पडे. पालक दयाळू असेलही, पण निवड मुलाची नसे.

१३ जून १८६४ रोजी डेव्हिड लिव्हिंगस्टन ‘लेडी न्यासा’ ही लहानशी आगबोट स्वतः हाकत मुंबई बंदरात आला. पावसाळा तोंडावर असताना झांजिबारहून केलेला हा धाडसी प्रवास होता. बोटीवर आफ्रिकी खलाशी होते आणि चुमा व विकतानी ही दोन मुले. चुमा याओ जमातीचा. १८६१ मध्ये शिरे नदीच्या डोंगराळ भागात गुलामांचा एक तांडा लिव्हिंगस्टन आणि बिशप मॅकेन्झी यांच्या माणसांनी अडवला, तेव्हा सुटलेल्यांत तो होता. लिव्हिंगस्टनला पुढे इंग्लंडला जायचे होते. त्याने दोन्ही मुले डॉ. विल्सन यांच्या शाळेत ठेवली.

ही मुले ज्या शहरात उतरली ते त्या वर्षी पैशाने धुंद झाले होते. अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी पेटलेली, दक्षिणेचा कापूस अडकलेला, आणि लँकेशायरच्या गिरण्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसावर जगत होत्या. त्या नफ्यातून मुंबईत बँका आणि भरावाच्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. यादवी संपली आणि १८६५ मध्ये बाजार कोसळला. सहा हजार पौंडांची ‘लेडी न्यासा’ लिव्हिंगस्टनने याच शहरात २,३०० पौंडांना विकली. ते पैसे त्याने एका बँकेत ठेवले आणि ती बँक बुडाली. गुलामांनी वेचलेल्या कापसाचा भाव आणि गुलामीतून सुटलेल्या दोन मुलांची शाळा, दोन्ही गोष्टी एकाच मुंबईत, हाकेच्या अंतरावर होत्या.

सप्टेंबर १८६५ मध्ये लिव्हिंगस्टन परत आला. डिसेंबरात विल्सन यांनी दोघा मुलांना बाप्तिस्मा दिला. चुमाचा जेम्स चुमा झाला, विकतानीचा जॉन विकतानी. माझ्या मते गिरगावच्या मिशनच्या इतिहासातली ही दोन नावे १८३९ च्या दोन नावांइतकीच मोलाची आहेत. फरक एवढाच, की धनजीभाई आणि होरमसजी यांच्यामागे संतापलेला का होईना पण एक समाज उभा होता. या मुलांच्या बाजूने किंवा विरुद्ध कोर्टात जायला कोणी नव्हते.

३ जानेवारी १८६६ रोजी लिव्हिंगस्टनने मुंबई सोडली. बरोबर ही दोन्ही मुले होती, आणि नाशिकहून निवडलेले नऊ आफ्रिकी तरुण.

शरणपूर

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून आज रोज हजारो लोक जातात. हे शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीने, म्हणजे सी.एम.एस.ने, १८५० च्या दशकात वसवले. विल्यम सॉल्टर प्राइस हे त्याचे मुख्य चालक. तिथे मराठी ख्रिस्ती कुटुंबांबरोबर मुंबई बंदरावर सुटलेली आफ्रिकी मुलेही वाढू लागली. लोहारकाम, सुतारकाम, वाचन, लेखन, प्रार्थना असा त्यांचा दिवस. मुंबईत या कामाशी जोडलेले आणखी एक नाव सी.डब्ल्यू. आयझेनबर्ग यांचे, ते स्वतः पूर्वी अबिसिनियात मिशनरी होते.

लिव्हिंगस्टनबरोबर गेलेल्या नऊ जणांची नावे वाचताना मन अडखळते. एकाचे नाव सायमन प्राइस, दुसऱ्याचे रिचर्ड आयझेनबर्ग. मिशनऱ्यांची आडनावे मुलांना मिळाली होती. यात माया असेल. निराधार मुलाला आपले नाव देणे ही आपल्याकडेही मोठेपणाची गोष्ट मानली जाते. पण आईने ठेवलेले नाव पुसले गेले, हेही तितकेच खरे. चुमा आणि विकतानी यांनी निदान ते नव्या नावाला जोडून तरी ठेवले.

या मुलांचे पुढे काय झाले ते सांगितलेच पाहिजे, कारण मिशनच्या कामाची खरी साक्ष तीच आहे. विकतानी १८६६ मध्येच न्यासा सरोवराजवळ आपल्या नातलगांना भेटला आणि त्यांच्यातच राहिला. लिव्हिंगस्टन नाराज झाला, पण माझ्या दृष्टीने त्या साऱ्या सफरीत आपला निर्णय आपण घेणारा पहिला माणूस विकतानी होता. चुमा शेवटपर्यंत राहिला. मे १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला. तेव्हा चुमा, सुसी आणि शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट यांच्या तांड्याने त्याचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले आणि देह वाळवून, गुंडाळून, महिनोन् महिने चालत किनाऱ्यावर आणला. वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर अक्षरे कोरली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्या मानकऱ्यांत तो होता. त्या दिवशी जगाने ज्या आफ्रिकी तरुणाकडे पाहिले, त्याला अक्षरओळख गोदावरीच्या काठी झाली होती.

शरणपूरच्या इतर काही तरुणांना सी.एम.एस.ने पूर्व आफ्रिकेत पाठवले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे १८६४ पासून मोम्बासाच्या बाजूला काम करत होते. १८८५ मध्ये त्यांना धर्मसेवेची दीक्षा मिळाली. १८७४ नंतर शरणपूरचा आफ्रिकी आश्रम बंद झाला आणि सुमारे दीडशे जण मोम्बासाजवळच्या फ्रीअरटाउन या वस्तीत गेले. वस्तीला नाव मिळाले ते मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचे. तिथे या लोकांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. मुंबईचे नाव अंगावर घेऊन एक समाज आफ्रिकेत जगला आणि मुंबईला त्याचा पत्ता नाही.

१८७३

ज्या वर्षी लिव्हिंगस्टन वारला, त्याच वर्षी ५ जून रोजी झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. बोलणी सुरू करायला लंडनहून फ्रीअर गेले होते, तेच फ्रीअर जे गव्हर्नर असताना परळच्या सरकारी बंगल्यात, आजच्या हाफकिन संस्थेत, राहत. आणि त्याच जूनमध्ये पुण्यात जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले.

जोतीराव १८४१ ते १८४७ पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. म्हणजे ते शिकत असतानाच, १८४३ मध्ये, ती शाळा फ्री चर्चची झाली. चार्ल्सटनच्या पैशावरून एडिंबरोत रान पेटले होते तेव्हा त्याच चर्चच्या पुण्यातल्या वर्गात एक माळ्याचा मुलगा इंग्रजी वाचत होता. मुलींची शाळा काढावी ही प्रेरणा त्यांना अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांच्या शाळा पाहून झाली. ज्या दोन मिशनांच्या मायदेशातल्या संस्था गुलामांच्या मालकांपुढे अडखळल्या, त्याच दोन मिशनांच्या शाळांतून मराठीतला गुलामगिरीवरचा पहिला घणाघाती ग्रंथ लिहिणारा माणूस घडला. मिशनरी आले नसते तर ‘गुलामगिरी’ झाली नसती असे मी म्हणत नाही. जोतीरावांचा अनुभव त्यांच्या स्वतःच्या समाजातला होता. पण इतिहास असा गुंतागुंतीचा असतो, आणि सरळ करायला गेलो तर तो खोटा होतो.

जोतीरावांनी आपला ग्रंथ निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा ही त्यामागची इच्छा. अर्पणपत्रिका अमेरिकेच्या नावे आहे, पण झडती घेतली ती शेजारच्या वाड्याची. दूरच्या गुलामाविषयी हळहळणे सोपे असते. आपल्या ओसरीवर बसलेल्या माणसाला गुलाम म्हणून ओळखणे अवघड. कनिंगहॅम आणि चामर्स यांना पहिले जमले, दुसरे जमले नाही. जोतीरावांना दुसरे जमले, म्हणून त्यांच्या लेखणीला पहिल्याचाही अर्थ कळला.

वारसा कोणाचा?

इथे मला माझ्यापुरते बोलले पाहिजे. माझे पणजोबा अहमदनगर जिल्ह्यातल्या एका गावाहून परळच्या गिरणीत आले. गावात त्यांच्या वाट्याला महारकी होती. वेस झाडणे, मेलेले ढोर ओढणे, सरकारी कागद पायी पुढच्या गावाला पोहोचवणे, आणि मोबदल्यात भाकरतुकडा. ते अमेरिकन मिशनच्या मंडळीत आले आणि माझे घर ख्रिस्ती झाले. मुंबईच्या मराठी मंडळ्यांत अशी घरे पुष्कळ आहेत. या लोकांना उद्या कोणी म्हणाले, की तुमच्या चर्चच्या अंगावर गुलामगिरीचा डाग आहे, तर ते विचारतील, की वेठीला आम्हीच होतो, मग हिशेब आमच्याकडे कसा मागता?

मंडळीतल्या काही ज्येष्ठांशी मी या विषयावर बोललो, तेव्हा नेमके हेच ऐकले. एकांनी विचारले, “अहो, ज्यांनी आपल्याला शिकवलं, त्यांची उणीदुणी आता कशाला काढायची?” प्रश्नातला उपकाराचा भाव खोटा नाही. पण कृतज्ञता म्हणजे डोळे मिटणे नव्हे. आणि गुन्हा व वारसा या वेगळ्या गोष्टी आहेत. चार्ल्सटनचा पैसा परळच्या गिरणीकामगाराने घेतला नाही. त्याचा दोष त्याच्या नातवंडावर येत नाही, भरपाईचे दहा कोटीही त्याने मोजायचे नाहीत. पण ज्या इमारतीत तो प्रार्थना करतो, ज्या शाळेच्या नावाचा त्याला अभिमान आहे, तिची कथा पुरी सांगण्याची जबाबदारी आज त्याच्याकडेच आहे. ती दुसऱ्या कोणाकडे नाही.

ही जबाबदारी ओझे नाही, अधिकार आहे असे मला वाटते. इंग्लंडच्या आयुक्तांनी झडती घेतली ती मालकांच्या वारसांनी घेतलेली झडती होती. गिरगाव-परळच्या मंडळीने घेतली, तर ती बांधलेल्या माणसांच्या वारसांनी घेतलेली असेल. चुमाच्या गळ्यातले जोखड आणि पणजोबांच्या हातातली वेशीची काठी एक नव्हती. अटलांटिकपारची खरेदी-विक्री आणि गावकीची वेठ यांना एकच म्हणणे दोन्हींवर अन्याय करणारे आहे. पण माणूस स्वतःच्या श्रमाचा, नावाचा आणि वाटेचा धनी नसणे म्हणजे काय, हे समजायला या मंडळ्यांना पुस्तक लागत नाही. शिवाय अशी झडती एका जागी थांबत नाही. मंडळीत लग्ने जमवताना अजून जुनी जात विचारली जाते का, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

करायचे काय, याचे उत्तर मोठे नाही. जुन्या मंडळ्यांच्या कपाटांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या आहेत. मुंबईच्या दमट हवेत त्यांची पाने एकमेकांना चिकटत चालली आहेत. त्या उघडून त्यांची छायाचित्रे काढून ठेवायला हवीत. आफ्रिकेतून आलेल्या मुलांची नावे त्यांतून वेगळी लिहून काढायला हवीत, आणि कोणाचे मूळ नाव सापडले तर ते आधी लिहायला हवे. मंडळीचा इतिहास सांगणाऱ्या वार्षिक पुस्तिकेत १८३९ नंतर एकदम १८८९ ची, चौपाटीवरच्या कॉलेजच्या इमारतीची, गोष्ट येऊ नये. मध्ये १८४४ चे तीन हजार पौंड यावेत आणि १८६५ चा डिसेंबरही यावा.

आमच्या उपासनामंदिरांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर मिशनऱ्यांची, त्यांच्या पत्नींची, देणगीदारांची नावे आहेत. अजून दोन ओळींची जागा तिथे सहज निघेल. चुमा, जो जेम्स झाला. विकतानी, जो जॉन झाला आणि आपल्या माणसांत परत गेला.